दोन तारा आणि एक धागा

शांती नगरातल्या त्या सोसायटीच्या मागल्या अंगाला चार इमारतींच्या पाठी एकमेकींना जवळजवळ टेकल्या आहेत. तिथे तळमजल्यावर ऊन दिवसातून पाऊण तास येते आणि मोबाईलचा सिग्नल तेवढाही येत नाही. सोळा वर्षांपूर्वी गिरगावातल्या दोन खोल्या सोडून गुणवंतराव आठल्ये सपत्नीक इथे राहायला आले, तेव्हा त्यांना यात काही उणे वाटले नव्हते. छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला निवांतपणा हवा होता; तो मिळाला. फोन करायचा झाला तर फाटकापर्यंत साठ पावले चालत जावे, पहारेकऱ्याच्या खोलीशेजारच्या सिमेंटच्या बाकावर बसून बोलावे आणि परत यावे.

पुढे त्या बाकाला या घरात देवघराइतके महत्त्व आले. चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा यतीन गेला. त्याची पत्नी नीलम लहान वयाची. तिने पुन्हा संसार थाटावा, हे गुणवंतरावांनीच पुढाकार घेऊन तिच्या वडिलांना सांगितले होते. ती बडोद्याला गेली आणि यतीनची मुलगी मैथिली तिच्याबरोबर गेली. नवे घर चांगले होते, परंतु तिथल्या सासूबाईंना मागल्या घराचा उल्लेख रुचत नसे. म्हणून नीलमने एक वाट काढली होती. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सासूबाई सत्संगाला जात. त्या दिवशी चार ते सव्वाचार या वेळेत ती व्हिडिओ कॉल लावी. ती पंधरा मिनिटे एवढेच काय ते नाते उरले होते, आणि त्यासाठी दोघे म्हातारे साडेतीनपासूनच बाकावर जाऊन बसत.

त्या पंधरा मिनिटांत गुणवंतरावांच्या पत्नी शुभदाबाई नातीला एक स्तोत्र देत होत्या. ते त्यांच्या आईकडून त्यांना मिळालेले, आईला तिच्या आईकडून. चरण बारा. ते लिहून घ्यायचे नाही, अशी त्या घराची रीत. देणारीने एकदा म्हणायचे, घेणारीने दोनदा. महिन्याला एकच चरण. आणि शेवटचा चरण द्यायचा तो घेणारीने आधीचे अकरा न अडखळता म्हणून दाखवल्यावर, समोरासमोर. सात वर्षांच्या मैथिलीचे अकरा चरण झाले होते. बारावा या शनिवारी.

आणि नेमक्या याच महिन्यात शुभदाबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. हृदय अशक्त असल्यामुळे शस्त्रक्रिया करता येत नव्हती. डॉक्टरांनी पायाला वजन बांधून सहा आठवडे पलंगावर उताणे राहायला सांगितले. साठ पावलांवरचा बाक साठ कोसांवर गेला. त्यातच नीलमने कळवले होते, की पुढल्या महिन्यात तिच्या यजमानांची बदली मस्कतला होते आहे, आणि तिथून असे कॉल लावता येतील की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हते.

म्हणून गुणवंतरावांनी आयुष्यात प्रथमच घरात इंटरनेट घेण्याचे ठरवले.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. स्वप्नील नावाचा, तिशीतला, कानाला सतत फोन लावलेला. शेजारच्या गच्चीवरून त्याने एक काळी चपटी वायर खाली सोडली, खिडकीच्या चौकटीतून आत घेतली आणि तिचे वेटोळे करून खिळ्याला अडकवले. राउटरचे खोके टेबलावर ठेवले.

"काका, वायरच्या टोकाला तोंड बसवायचं राहिलंय. त्याचं मशीन आज दुसऱ्या साइटवर आहे. अडॅप्टर पण ऑफिसात राहिला. शनिवारी सकाळी दहाला येतो आणि चालू करून देतो."

"शनिवारी चारच्या आत व्हायला हवे," गुणवंतराव म्हणाले.

"अहो काका, दहा म्हणजे दहा. फक्त तोवर वायरला हात लावू नका."

शनिवारी दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. गुणवंतराव चार वेळा फाटकापर्यंत गेले. प्रत्येक वेळी गुडघे अधिक कुरकुरत. चौथ्या खेपेला स्वप्नीलने फोन उचलला. पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"काका, काशीगावच्या पुढे खोदकामात मेन लाइन तुटलीय. सगळी पोरं इथेच अडकलीत. बघतो, येतो."

"किती वाजता?"

"बघतो ना काका," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

ते परतले तेव्हा दाराशी कोंडिराम वाव्हळे उभे होते. कोंडिराम वरच्या मजल्यावर राहत. मूळचे परभणीकडचे; टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षे केबलचे जोड मारून निवृत्त झालेले. त्यांनी जमिनीखाली मारलेला जोड पावसाळ्यात कधी बोलायचा थांबला नाही, असे ते स्वतः सांगत, आणि ते खोटे नव्हते. त्यांच्या पत्नी चंपाबाईंनी शुभदावहिनींसाठी दिलेली पेज त्यांच्या हातात होती.

"आला न्हाई ना अजून?" त्यांनी विचारले. "मला म्हाईतच होतं. गुरुजी, वायर आली, डबा आला, मग थांबलंय कशापायी? माझ्या हातानं काय कमी जोड मारलेत का?"

"त्याने हात लावू नका म्हणून बजावले आहे, कोंडिरामभाऊ."

"ते समद्यांनाच सांगतेत. आम्हीबी सांगायचो."

आतून शुभदाबाईंचा आवाज आला. "अहो, किती वाजले?"

"पावणेदोन."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. गुणवंतरावांनी छत्तीस वर्षे मुलांना एकच गोष्ट शिकवली होती: गुरूने सांगितले नाही तोवर पुढच्या पाठाला हात लावायचा नाही. आतली ती शांतता ऐकली आणि त्यांनी कोंडिरामांना म्हटले, "बघा तर."

पंधरा मिनिटांत कोंडिराम आपली हत्यारे घेऊन खाली आले. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पक्कड, ब्लेड, चिकटपट्टीची रिळे, आणि निरनिराळ्या मेलेल्या यंत्रांचे तीन अडॅप्टर. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेकावरची बारीक अक्षरे वाचली.

"हा नऊचा. हा पाचचा. आन् हा बघा, बारा व्होल्ट! केबलच्या टीव्हीचा डबा होता आमचा, त्याचा हाय. मिळाला म्हणून समजा."

पिन थोडी सैल बसत होती. त्यांनी तिच्याभोवती कागदाची बारीक घडी घातली आणि वरून रबर ताणून बसवला. बटण दाबताच राउटरवर हिरवे दिवे एकामागून एक उजळले. गुणवंतरावांच्या तोंडून नकळत "साधु, साधु!" निघून गेले. आतून शुभदाबाईंनी विचारले, "लागलं का?"

"लागतंय वहिनी! केस विंचरून ठेवा!"

पण एक दिवा तांबडा होता, आणि तो थांबून थांबून डोळा मारत होता.

"त्याला लाइन पाहिजे," कोंडिराम म्हणाले आणि त्यांनी खिळ्यावरचे वेटोळे काढले. ब्लेडने काळे आवरण हलक्या हाताने चिरले. त्यांच्या बोटांना चाळीस वर्षांपूर्वीचे सगळे आठवत होते. आवरण उघडले आणि आत, दोन्ही कडांना, दोन चकचकीत तारा निघाल्या.

कोंडिरामांचा चेहरा उजळला. "बघा गुरुजी! जोडी! काळ कितीबी बदलू द्या, टेलिफोनला जोडीच लागते. एक जायची, एक यायची."

त्या दोन तारांच्या मधोमध केसासारखा एक पांढुरका धागा होता. आवरण धरून राहावे म्हणून तो घातलेला असावा, असे समजून कोंडिरामांनी तो चिमटीत धरून तोडला आणि बाजूला टाकला. तारा ब्लेडने खरवडून स्वच्छ केल्या. एका जुन्या टेलिफोनच्या दोरीचे टोक सोलून तिच्या दोन तारांशी या दोन तारांना पीळ दिला, वरून चिकटपट्टी गुंडाळली. राउटरच्या पाठीमागे टेलिफोनच्या पिनेच्या मापाचे भोक होतेच. त्याच्या शेजारी हिरव्या टोपणाचे आणखी एक होते. परंतु टोपण लावले आहे म्हणजे ते सध्या वापरायचे नाही, असे दोघांचेही एकमत झाले.

दोरी खटकन बसली. दोघे तांबड्या दिव्याकडे पाहत राहिले. तो डोळा मारतच होता.

"पीळ ढिला राहिला," कोंडिराम म्हणाले. वीतभर वायर कापून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा दोन तारा, पुन्हा मधला धागा दूर, पुन्हा पीळ. पुन्हा तांबडा दिवा.

"तार पोलादी दिसतेय. तांबं महाग झालंय ना, म्हणून. पोलादाला पीळ धरत न्हाई लवकर." पुन्हा कापले. या वेळी जोड हातभर मागे घेतला, कारण पुढचा भाग वाकून खराब झाला असावा, असे त्यांना वाटले. मग गुणवंतरावांनी सुचवले, की तारांची अदलाबदल करून पाहावी. तेही केले. मग मेणबत्तीवर टोके तापवून पाहिली. खिडकीखाली काळ्या सालींचा आणि पांढऱ्या धाग्यांचा लहानसा केर जमत गेला, आणि खिळ्यावरचे वेटोळे कमी होत होत अखेर खिळ्यावर काहीच उरले नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी कोंडिरामांनी पक्कड खाली ठेवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. "असं कधी झालं न्हाई, गुरुजी," ते हळू आवाजात म्हणाले. "बत्तीस वर्षांत न्हाई."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात स्वप्नील उभा होता. घोट्यापर्यंत मातीने माखलेला, खांद्याला एक जड पेटी. "काका, तिथलं झालं. पळत आलो. दहा मिनिटांत देतो करून. मशीन आणलंय."

आत हाक मारून गुणवंतराव म्हणाले, "अगं, आला! आला तो!"

स्वप्नील खिडकीपाशी गेला आणि थबकला. खिळ्याकडे पाहिले, मग खालच्या केराकडे, मग टेलिफोनच्या दोरीला चिकटपट्टीने बांधलेल्या त्या टोकाकडे.

"हे कोणी केलं?"

"मी," कोंडिराम म्हणाले. "जोडी बरोबर लावली, पण—"

"जोडी?" स्वप्नीलने खाली वाकून एक पांढरा धागा उचलला. "काका, हे काचेचं आहे. सगळं यातूनच जातं. त्या दोन तारा नुसत्या आधाराला असतात, वायर लोंबकळून तुटू नये म्हणून. तुम्ही आधार जोडलात आणि..." त्याने वाक्य पूर्ण केले नाही. कोंडिरामांचे वय पाहून असेल.

"मग आता लावा ना यंत्र," गुणवंतराव म्हणाले.

"कुठे लावू? चार मीटर जादा सोडली होती मी. वायर आता चौकटीच्या आतसुद्धा येत नाही. मशीनला दोन्ही टोकं धरायला हातभर तरी वायर लागते. आता गच्चीवरून नवी खेचावी लागेल."

"किती वेळ?"

"तास. सव्वा तास."

तीन वाजून बत्तीस मिनिटे झाली होती.

मग पुढचा काही वेळ तिघांनी सुचेल ते सुचवले. स्वप्नीलने स्वतःचा फोन काढून खोलीभर फिरवला. त्यावरही सिग्नलची एकही दांडी येत नव्हती. कोंडिराम म्हणाले, "वॉचमनला बोलावतो, चौघं मिळून पलंगच उचलतो. फाटकापर्यंत तर जायचंय." ते खरोखरच दाराची रुंदी हाताने मोजू लागले. शुभदाबाई आतून म्हणाल्या, "उचला. मी ओरडणार नाही." गुणवंतरावांनी पलंगाच्या टोकाला लोंबणारे वजन पाहिले, दोरीने ताणून धरलेला तो बारीक पाय पाहिला, आणि मान हलवली.

"तुम्ही आयुष्यभर सगळ्याला नाहीच म्हणत आलात," शुभदाबाई म्हणाल्या. पण तो राग नव्हता. त्यांनी केस विंचरून ठेवले होते, जांभळ्या काठाचे पातळ छातीवरून नीट ओढून घेतले होते.

"शुभदा, चूक माझी आहे. त्याने हात लावू नका म्हणून सांगितले होते."

"आता चूक कोणाची ते राहू द्या. पावणेचार होत आले. तुम्ही जा."

"मी?"

"एकाने तरी भेटायला नको का? जा. तिच्याकडून अकरा म्हणवून घ्या. अडखळली नाही तर बारावा तुम्ही द्या. राहून जायला नको."

गुणवंतरावांना तो चरण पाठ होता. चाळीस वर्षे रोज दिवेलागणीला स्वयंपाकघरातून तो त्यांच्या कानावर पडत आला होता. परंतु तो त्यांना कोणी दिलेला नव्हता.

"तो तुझा आहे," ते म्हणाले.

"मी देतेय ना तुम्हांला. एकदा म्हणते, दोनदा म्हणा."

त्यांनी पलंगाशेजारी स्टूल ओढून घेतले. शुभदाबाईंनी छताकडे पाहत एकदा म्हटले. गुणवंतरावांनी मांडीवर हात ठेवून, विद्यार्थ्यासारखे, दोनदा म्हटले. दुसऱ्या वेळी एक ऱ्हस्व त्यांनी दीर्घ ओढला.

"ऱ्हस्व नीट म्हणा," शुभदाबाई म्हणाल्या. "संस्कृतचे मास्तर ना तुम्ही?"

फाटकाजवळच्या बाकावर ते पोहोचले तेव्हा चारला दोन मिनिटे कमी होती. बरोबर चार वाजता फोन वाजला. पडद्यावर मैथिलीचे कपाळ दिसले, मग फोन मागे गेला आणि पुढचा एक दात नसलेले हसू दिसले.

"आबा! आजी कुठेय?"

"आजीच्या पायाला लागले आहे, बाळ. ती घरात निजून आहे."

"मग फोन घरात न्या ना."

"घरात हा फोन लागत नाही."

"का?"

या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर होते, पण सात वर्षांच्या मुलीला सांगता येईल असे नव्हते. ते म्हणाले, "आजीने मला पाठवले आहे. तू अकरा चरण म्हण, मी ऐकतो. आणि मग बारावा मी तुला देतो. आजीने तसे सांगितले आहे."

मैथिलीने ओठ मुडपले. मागून नीलमचा आवाज आला, "म्हण ना बेटा. आबांना म्हणून दाखव."

"नाही. मी आजीला म्हणून दाखवणार होते."

"मैथिली, हट्ट नाही करायचा. वेळ नाहीये आपल्याकडे."

"पण आजी म्हणाली होती, समोरासमोर!" तिचे डोळे भरून आले. "आबांना नाही येत ते. ते नुसतं ऐकतात."

गुणवंतरावांनी फोन थोडा दूर धरला. मुलीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. शाळेत अशा विद्यार्थ्याची त्यांनी वर्गासमोर प्रशंसा केली असती. त्यांच्या जिभेवर तो चरण तयार होता. म्हणून टाकला असता, तर तिच्या कानावर पडला असता. कदाचित राहिलाही असता. परंतु कान मिटून बसलेल्या मुलीवर तो चरण भिरकावण्याचा अधिकार शुभदेने त्यांना दिला नव्हता.

मग त्यांनी तिच्या पडलेल्या दाताची चौकशी केली. तो तिने गादीखाली ठेवला आहे. शाळेत तिचा पहिला बाक आहे. मस्कतला समुद्र आहे, असे पप्पा म्हणाले. तेरा मिनिटे झाली तशी नीलम पडद्यावर आली. तिने मागे वळून दाराकडे पाहिले.

"बाबा, पुढचं मी काही सांगू शकत नाही. तिथे गेल्यावर बघते. आईंना सांभाळा."

"तू काही मनाला लावून घेऊ नकोस, नीलम. तू पुष्कळ केलेस."

"आबा," मैथिली मध्येच तोंड घालून म्हणाली, "आजीला सांगा, मला अकराच्या अकरा येतात. मी विसरणार नाही. तिने पण विसरायचं नाही."

पडदा काळा झाला. पहारेकरी खोलीतून बाहेर डोकावला आणि म्हणाला, "हो गयी बात, गुरुजी? आज माताजी नहीं आयी?" गुणवंतरावांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्यालाही कळले नसावे.

घरी परतले तेव्हा स्वप्नील गच्चीवर होता. नवी वायर खिडकीबाहेर हेलकावे घेत खाली उतरत होती. कोंडिराम जमिनीवर मांडी घालून बसले होते. हातातली चिकटपट्टी उलटी करून ते फरशीवर थोपटत होते आणि तिला चिकटून येणारे पांढरे तुकडे उजेडात धरून पाहत होते.

"काच हाय म्हणाला तो," त्यांनी वर न पाहता सांगितले. "कुणाच्या पायात जायला नको. बारीक हायेत, दिसत न्हाईत." मग थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, मी तो धागा सात वेळा टाकला. मोजले मी. सात."

गुणवंतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे सांत्वन करावे इतके बळ त्यांच्यापाशी उरले नव्हते, आणि दोष द्यावा असे मनही नव्हते.

आत शुभदाबाई दाराकडे डोळे लावून होत्या. "म्हणाली?"

गुणवंतराव स्टुलावर बसले. वाटेत साठ पावलांत त्यांनी दोन उत्तरे तयार केली होती. त्यांतले एक गोड होते, आणि खोटे होते.

"नाही," ते म्हणाले. "मला म्हणून दाखवायला ती तयार झाली नाही. आजीलाच म्हणून दाखवीन म्हणाली, समोरासमोर."

शुभदाबाईंनी डोळे मिटले. "रडली?"

"थोडी. अकराच्या अकरा येतात, असा निरोप दिला आहे. तू विसरायचे नाहीस, असेही बजावले आहे."

"आणि बारावा?"

"मी दिला नाही. तिने घ्यायचे नाकारले, आणि मला पुढे काही करता आले नाही."

बाहेर स्वप्नीलचे यंत्र बारीक किणकिणले. सव्वापाच वाजता त्याने दारातूनच सांगितले, "काका, झालं. बघा, हिरवा आला. आता चोवीस तास चालू." तो हात पुसत गेला. कोंडिरामही चिकटपट्टीची गोळी मुठीत धरून जिना चढून गेले.

दिवेलागण झाली. गुणवंतरावांनी देवापुढे निरांजन लावले, कारण आता ते त्यांनाच लावावे लागे. शुभदाबाईंनी पडल्या पडल्या हात जोडले आणि रोजच्यासारखे स्तोत्र सुरू केले. गुणवंतराव पलंगाशेजारी उभे राहून ऐकत होते. एकेक चरण पुढे जात होता. अकरावा संपला आणि आवाज थांबला.

त्यांना वाटले, श्वास घेण्यासाठी थांबली असेल. ते वाट पाहत उभे राहिले. टेबलावर, रबराने बांधलेल्या अडॅप्टरच्या आधारावर, चारही हिरवे दिवे अखंड तेवत होते.

"पुढचा?" अखेर त्यांनी विचारले.

"तिची वाट बघते," शुभदाबाई म्हणाल्या, आणि जोडलेले हात त्यांनी तसेच छातीवर ठेवले.